समुद्रतळावरून धावणारी वाळू संगणकात कशी बसवायची?

गाळणी (धागालेखिका)

इंटरनेट केबलच्या धाग्यावर शंकासुर यांनी विचारलं होतं, की हजारो मीटर खोल पाणी जवळपास स्थिर असतं, मग तिथली केबल तोडतं कोण? उत्तर लांबत चाललं म्हणून वेगळा धागा काढतेय. पाणी आणि गाळ एकत्र वाहतात तेव्हा काय होतं याची गणितं संगणकावर सोडवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, तेव्हा थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

१८ नोव्हेंबर १९२९ला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला समुद्राखाली ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. अटलांटिकपार जाणाऱ्या बारा तारायंत्र केबल तुटल्या. केंद्राजवळच्या लगेच तुटल्या, त्यात नवल नाही. बाकीच्या मात्र उतारावरून खाली एकामागून एक तुटत गेल्या, आणि शेवटची तुटली ती १३ तास १७ मिनिटांनी. संदेश कधी बंद पडला याच्या नोंदी कंपन्यांकडे चोख होत्या. १९५२मध्ये हीझन आणि यूइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी त्या वेळा आणि केबलमधली अंतरं शेजारी शेजारी मांडली आणि म्हटलं, की हा एकच लोंढा आहे, गाळाने जड झालेल्या पाण्याचा. सर्वांत वेगवान टप्प्यात तो सेकंदाला साधारण १९ मीटर, म्हणजे ताशी ७० किमीच्या आसपास होता, असा आजचा अंदाज आहे.

यालाच टर्बिडिटी करंट म्हणतात. मी खाली गढूळ प्रवाह म्हणेन. गाळ मिसळलेलं पाणी शेजारच्या स्वच्छ पाण्यापेक्षा जड असतं, म्हणून उतारावरून घसरतं. घसरताना घुसळण होते, घुसळण कणांना वर धरून ठेवते, आणि कण वर आहेत तोवर पाणी जड राहतं. वाटेत तळ खरवडला गेला तर कण वाढतात आणि वेगही वाढतो. नदीत पाणी गाळाला वाहून नेतं, इथे गाळ पाण्याला ओढून नेतो. म्हणजे कण खाली बसले की प्रवाहच संपला! त्यामुळे एकेका कणाचं बसणं आणि उठणं हाच सगळ्या हिशेबाचा गाभा आहे.

आता संगणकाची अडचण बघा. ०.१ मिमीची बारीक वाळू घ्या. एक घनमीटर पाण्यात आकारमानाने फक्त १० टक्के वाळू असेल, तर त्यात साधारण १९,००० कोटी कण होतात. आणि हे प्रवाह ज्यांतून धावतात त्या घळी (समुद्राखालच्या खोल दऱ्या) असतात दहा-दहा, शंभर-शंभर किलोमीटर लांब. प्रत्येक कणाचा हिशेब ठेवणं शक्य नाही, म्हणून काय सोडून द्यायचं हे आधी ठरवावं लागतं.

सर्वांत जास्त सोडून देणारी मॉडेल्स प्रवाहाची खोलीभर सरासरी घेतात. जाडी, वेग आणि गाळाचं प्रमाण एवढंच उरतं. पार्कर, फुकुशिमा आणि पँटिन यांनी १९८६मध्ये दाखवलं, की नुसत्या तीन समीकरणांवर विसंबलं तर मॉडेलमधला प्रवाह कधी कधी उधळतो. गाळ उचलत राहतो, वेग वाढवत राहतो, आणि एवढा गाळ वर धरायला घुसळणीत तेवढी ऊर्जा आहे का हे कोणी विचारतच नाही. त्यांनी घुसळणीच्या ऊर्जेचं चौथं समीकरण जोडलं तेव्हा लगाम बसला. शंभर किलोमीटरच्या घळीसाठी आजही याच जातीची मॉडेल्स वापरतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे पाणी आणि गाळ हे एकमेकांत मिसळलेले दोन द्रव मानून त्रिमितीत सोडवणं. कण सुटे दिसत नाहीत, फक्त त्यांचं प्रमाण दिसतं. त्याच्याही वर सीएफडी-डीईएम (सीएफडी म्हणजे द्रवाचा हिशेब, डीईएम म्हणजे सुट्या कणांचा). यात पाणी ग्रिडवर, म्हणजे जागेचे लहान चौकोन पाडून, सोडवतात आणि प्रत्येक कण स्वतंत्र गोळा म्हणून न्यूटनच्या नियमाने चालतो, इतर कणांना आपटतो, घासतो. गोळ्यांच्या हिशेबाची ही पद्धत कुंडल आणि स्ट्रॅक यांची, १९७९ची. ग्रिडचा चौकोन कणापेक्षा तीन-चार पट मोठा असतो, त्यामुळे कणाभोवतून पाणी नेमकं कसं वळलं हे दिसत नाही. पाणी कणाला किती ओढतं ते सूत्राने भरून काढावं लागतं.

सर्वांत वर कणाच्या पृष्ठभागापर्यंत पाणी सोडवणं. व्यासावर वीसेक चौकोन हवेत. १०,००० कणांच्या घट्ट ढिगाऱ्याला सात-आठ कोटी चौकोन लागतात, आणि हा ढिगारा चिमटीत मावतो.

आम्ही चिमटीतून सूत्र काढतो, ते सीएफडी-डीईएममध्ये घालतो, तिथून मिळालेले नियम पुढे घळीच्या मॉडेलला देतो. या साखळीत कुठे काय निसटतं ते बोलायला आवडेल.

---

तिसरी_घंटा

पहिला! वाचनखूण साठवली आहे. चिमटीभर वाळूला आठ कोटी चौकोन हे वाचून मी माझा लॅपटॉप मायेने बंद केला.

---

शंकासुर

माझ्या एका प्रश्नावर आख्खा धागा, धन्यवाद. आता दुसरा प्रश्न. टाकीत पाणी भरा, वाळू सोडा, कॅमेरा लावा. एवढ्या कोटी-कोटीच्या हिशेबाची गरज काय? आणि सूत्रं जर शेवटी प्रयोगातूनच घेताय, तर संगणक नवीन काय सांगणार?

---

सांडवा

शंकासुर, टाकीचं मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं (धरणांच्या बाजूने, समुद्राच्या नव्हे).

टाकी लहान केली की पाण्याचा वेग कमी होतो, पण वाळूचा कण तोच राहतो. समुद्रात सेकंदाला पाच मीटर वेगाच्या प्रवाहात ०.१ मिमीचा कण आरामात तरंगतो. टाकीतल्या वीस सेंटिमीटर वेगात तोच कण दोन हातांवर तळाला बसतो. मग वाळूऐवजी हलके प्लॅस्टिकचे मणी घ्या, अक्रोडाच्या सालीची पूड घ्या, असले उद्योग करावे लागतात. ते केलं की तळ खरवडण्याचा हिशेब बिघडतो. एक जुळवावं तर दुसरं सुटतं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या मंडळींनी २०१६मध्ये तळाच्या खरवडीचं प्रमाण जुळवून, बाकीच्या गोष्टींकडे काणाडोळा करून टाकीत चांगल्या समुद्री नाल्या तयार करून दाखवल्या. पण तिथेही काणाडोळा आहेच.

धरणवाल्यांना हा विषय नवा नाही. १९३५मध्ये हूवर धरण अडवलं, आणि काही महिन्यांतच खालच्या दारांतून गढूळ पाणी बाहेर आलं. वर मीड जलाशय स्वच्छ निळा! कोलोरॅडोचा गाळ जलाशयाच्या तळातून शंभरावर किलोमीटर सरपटत धरणापर्यंत पोचला होता. चीनमध्ये पीत नदीवरच्या श्याओलांगदी धरणात तर असा प्रवाह येण्याची वेळ साधून तळाची दारं उघडतात आणि गाळ परस्पर बाहेर काढतात. वेळ चुकली की गाळ बसला, मग तो उपसत बसा.

गाळणीताई, आमच्याकडे यासाठी खोलीभर सरासरीचं मॉडेल पुरायचं. तुमचे सुटे गोळे नेमके कुठे लागतात, ते सांगा.

---

गाळणी

सांडवाकाका, नेमका तोच प्रश्न हवा होता. जलाशयातला प्रवाह पातळ असतो, आकारमानाने टक्का-दीड टक्का गाळ, तोही बारीक. कण एकमेकांपासून लांब असतात. तिथे सुटे गोळे लागत नाहीत.

समुद्रातले प्रवाहही असेच पातळ ढग असतात, असं खूप काळ धरून चाललं होतं. कारण कोणी आत शिरून मोजलं नव्हतं, आणि ज्यांनी उपकरणं ठेवली त्यांची उपकरणं वाहून गेली. मग कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे घळीत ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०१७ असे दीड वर्ष वेगवेगळ्या खोलीवर यंत्रं रोवली. तळाच्या वाळूत हालचाल नोंदवणारे गोळेही पुरून ठेवले. त्या काळात पंधरा प्रवाह आले. आघाडीचा वेग सेकंदाला ७.२ मीटरपर्यंत. १५ जानेवारी २०१६चा प्रवाह तर ५० किमीहून पुढे गेला.

चक्रावणारी गोष्ट म्हणजे ८०० किलोची जड वस्तू सेकंदाला चार मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने वाहून गेली. पातळ गढूळ पाणी ८०० किलो असं नेऊ शकत नाही. २०१८मध्ये पॉल आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला, की तळाशी एक दाट, वेगवान थर असतो, आणि हा थर म्हणजे घळीच्या तळाची सैल वाळूच. ती हादऱ्याने पातळ होऊन वाहू लागते. वर दिसतो तो ढग नुसता मुकुट. शिवाय प्रत्येक प्रवाहामागे वादळ, पूर किंवा भूकंप होताच असंही नाही.

त्या दाट थरात कण एकमेकांना खेटून असतात. घुसळण कणांना उचलते हा वरचा सगळा युक्तिवाद तिथे लंगडा पडतो. तिथे चालतं ते कणांच्या मधल्या पाण्याचं राज्य. ते पाणी वेळेत बाहेर निसटू शकलं की नाही, यावर सगळं ठरतं. शंकासुर, संगणक नवीन काय सांगणार याचं उत्तर इथे आहे. वाहत्या वाळूच्या पोटात छिद्रांमधला दाब किती आहे, हे समुद्रात कोणी मोजू शकत नाही, टाकीत जेमतेम मोजता येतं, मॉडेलमध्ये प्रत्येक बिंदूला दिसतं.

---

आंजर्लेकर

छिद्रातला दाब म्हणजे आम्ही लहानपणी पुळणीवर बघायचो तेच काय? ओल्या वाळूवर पाय दाबला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी दिसते. आणि ओहोटीला खाडीच्या तोंडाशी उलटा प्रकार. पाय ठेवला की वाळू थलथलते आणि गुडघ्यापर्यंत आत. एकाच किनाऱ्यावर दोन तऱ्हा का, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

---

गाळणी

आंजर्लेकर, अगदी तेच!

लाटांनी थापून थापून घट्ट झालेली वाळू पायाने सरकवायची तर कणांना एकमेकांवरून चढावं लागतं, म्हणजे वाळू फुगते. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५मध्ये हे सांगितलं. फुगली की मधली पोकळी वाढते, वरचं पाणी आत खेचलं जातं, म्हणून पृष्ठभाग कोरडा दिसतो. आतला दाब क्षणभर कमी होतो, कण एकमेकांवर आवळले जातात, वाळू मजबूत होते.

खाडीतली वाळू सैल बसलेली असते. ती हलली की आकसते. मधल्या पाण्याला जायला जागा नसते, त्याचा दाब वाढतो, वजन पाणी पेलतं आणि कणांची पकड सुटते. मॉन्टेरेच्या घळीत होतं ते हेच, फक्त किलोमीटरच्या मापाने.

प्रयोगशाळेतला सुरेख पुरावा २०११चा आहे. राँडॉन, पूलीकँ आणि ओसीलूस यांनी द्रवात बुडवलेला काचेच्या मण्यांचा ढीग अचानक मोकळा सोडला. एकदा मणी ५५ टक्के जागा व्यापतील असा सैल, एकदा ६० टक्के असा घट्ट. एवढासा फरक, पण सैल ढीग झपकन लांबवर पसरला आणि घट्ट ढीग कितीतरी वेळ तसाच उभा राहून मग कोपऱ्यापासून हळूहळू ढासळला. तळाशी मोजलेला दाब सैल ढिगात वाढला, घट्ट ढिगात उतरला. नवीन कोड कोणी लिहिला की मी आधी हा प्रयोग करून दाखवायला सांगते.

---

भुरभुर

ताई, मी वाचनमात्र असते, पण आज लिहावंच लागलं, कारण मी सध्या बरोबर याच प्रयोगात अडकले आहे. एमटेकचा प्रकल्प आहे. ओपनफोमला (पाण्याचा प्रवाह सोडवणारं सॉफ्टवेअर) डीईएम जोडून पाण्याखालचा ढीग. ८ सेंमी उंच, १२ सेंमी लांब, ४ सेंमी खोल. कण २ मिमीचे, सुमारे ५० हजार. एक ढीग ५५ टक्के, एक ६० टक्के. दोन्ही जवळजवळ सारखेच पसरतात! घर्षण वाढवून पाहिलं, आपटल्यावर कण किती उसळतो तो गुणांक ०.९चा ०.३ केला, ग्रिड बारीक केलं. काहीच फरक पडत नाही. मार्गदर्शक म्हणतात कोडमध्ये गडबड असेल.

---

फॉर्ट्रान७७

भुरभुर, उसळण्याच्या गुणांकावर वेळ घालवू नकोस. पाण्यात बारीक कण एकमेकांजवळ येतात तेव्हा मधल्या पाण्याचा पापुद्रा पिळून बाहेर काढण्यातच त्यांची सगळी ऊर्जा खर्च होते. स्टोक्स अंक (कणाचा आवेग पाण्याच्या चिकटपणाला किती भारी पडतो त्याचं माप) दहाच्या खाली असेल तर कण मुळी उसळतच नाही, प्रयोगात बघितलेलं आहे. ०.९ काय आणि ०.३ काय.

ग्रिड बारीक केलंस म्हणतेस, किती? २ मिमीच्या कणाला चौकोन ६ मिमीच्या खाली नेलास तर एखादा कण आख्खा चौकोन अडवतो आणि पोकळीचा, म्हणजे चौकोनात मोकळी जागा किती याचा, आकडा थयथयाट करतो. बारीक म्हणजे चांगलं हा नियम इथे चालत नाही.

अवांतर: टाइमस्टेप, म्हणजे हिशेबात वेळेचं एक पाऊल, किती आहे? क्वार्ट्झचा (वाळूच्या खनिजाचा) खरा कडकपणा घेऊन ०.१ मिमीच्या कणाला १० नॅनोसेकंदांच्या घरात पाऊल लागतं, म्हणजे एका सेकंदाला दहा कोटी पावलं. म्हणून सगळेच जण कण मुद्दाम हजारपट मऊ करतात, की पाऊल तीसपट मोठं होतं. कण एकमेकांत व्यासाच्या एक टक्क्याहून जास्त घुसत नाहीत ना, एवढं बघायचं. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू देत.

---

गाळणी

फॉर्ट्रानकाकांशी सहमत. भुरभुर, आधी दोन गोष्टी तपास. एक, पाण्याच्या वस्तुमानाच्या समीकरणात पोकळीच्या प्रमाणाचा काळानुसार बदल हे पद आहे ना? पोकळी फुगली-आकसली की पाणी आत-बाहेर होतं हे त्या पदातूनच कळतं. समीकरणं सोडवणाऱ्या काही सोप्या केलेल्या कोडमध्ये ते गाळलेलं असतं. नसेल तर सैल आणि घट्टमधला फरक मॉडेलला कळायला वाटच नाही. दोन, ५५ टक्क्यांचा ढीग कसा रचलास? घर्षण शून्य ठेवून कण टाकले की ते ६४ टक्क्यांच्या आसपास जाऊन बसतात. घर्षण ठेवून, पाण्यातच हळूहळू बसू दिले तर ५५-५७ मिळतात. रचताना एक घर्षण आणि सोडताना दुसरं, असं असेल तर पहिल्या क्षणालाच ढीग स्वतःला हलवून घेतो आणि तुझे ५५-६० पुसले जातात.

पण माझा खरा संशय वेगळाच आहे. कण २ मिमीचे का घेतलेस?

---

भुरभुर

ते पद आहे, मी कोड उघडून पाहिला. ढीग पाण्यातच, तेच घर्षण ठेवून रचला.

२ मिमी अशासाठी, की ०.१ मिमी घेतले तर त्याच ढिगात ४० कोटींच्या वर कण होतात. आमच्या विभागाच्या क्लस्टरवर माझ्या वाट्याला ६४ कोअर येतात, तेही रात्री.

---

गाळणी

मग कोडमध्ये गडबड नसावी. तुझा कोड बहुधा बरोबर उत्तर देतोय, पण ते खड्यांच्या ढिगाचं आहे, वाळूच्या नव्हे. आकडे मांडून बघू.

८ सेंमीचा घट्ट ढीग घसरायला लागण्याआधी त्याला समजा दोन टक्के फुगायचंय. म्हणजे उंचीला १.६ मिमी जाडीचं पाणी आत शोषलं गेलं पाहिजे. कण पाण्यात बुडून जेवढे जड भरतात, त्या वजनाच्या जोरावर पाणी कणांच्या मधून किती वेगाने जाईल हे एर्गुनच्या १९५२च्या सूत्राने काढ. ०.१ मिमीच्या वाळूत येतात सेकंदाला ०.१ ते ०.२ मिमी. म्हणजे फुगायला दहाएक सेकंद. तुझ्या २ मिमीच्या कणांत येतात सेकंदाला दोन-तीन सेंमी. म्हणजे फुगायला एक विसांश सेकंदाच्या आसपास.

आता ढीग ढासळायला किती वेळ लागतो? ८ सेंमी उंचीवरून पाण्यातल्या कमी झालेल्या वजनाने पडायचं, एक-दोन दशांश सेकंद. बारीक वाळूत पाणी शोषून होईपर्यंत ढिगाला दहा सेकंद थांबावंच लागतं. तुझ्या खड्यांत पाणी ढासळण्याआधीच आत जाऊन मोकळं झालेलं असतं. छिद्रदाब तयार होतो आणि लगेच विरतो. मग सैल-घट्टमध्ये फरक कुठून दिसणार?

पाणी झिरपण्याची सोय कणाच्या व्यासाच्या वर्गाने वाढते, वीसपट व्यास म्हणजे चारशेपट. कण मोठे केल्याने संगणक सुखावला, पण नेमकी ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप, तीच नाहीशी झाली. मूळ प्रयोग करणाऱ्यांनी मणी पाव मिमीच्या आतले घेतले आणि वर पाण्याऐवजी दाट द्रव वापरला, तो याचसाठी.

तुझ्यापुढे दोन रस्ते आहेत. द्रवाची श्यानता (चिकटपणा) चारशेपट वाढव. सर्वांत सोपं, पण मग बाहेरच्या पाण्यातली घुसळणही मरते. ढीग कसा सुटतो एवढंच बघायचं असेल तर चालेल, पुढे त्याचा गढूळ प्रवाह कसा होतो ते दिसणार नाही. दुसरा रस्ता म्हणजे २ मिमीचा गोळा हा ०.१ मिमीच्या आठ हजार कणांचा गठ्ठा आहे असं समजायचं. आपटणं-घासणं गठ्ठ्याच्या व्यासाने, पण पाण्याची ओढ काढताना आतल्या खऱ्या कणाचा व्यास वापरायचा. पाणी पाणीच राहतं, झिरपणं वाळूसारखं होतं. ढिगाच्या कडेला गठ्ठे जाडेभरडे वागतात, तेवढं चालवून घ्यावं लागतं. मी दुसरा घेतला असता.

---

शंकासुर

थांबा थांबा. म्हणजे जिथे निकाल पटत नाही तिथे ओढीचा व्यास बदलायचा, श्यानता चारशेपट करायची, कण हजारपट मऊ करायचे. याला आमच्या गावात हिशेब जुळवणं म्हणतात.

---

फॉर्ट्रान७७

शंकासुर, फरक आहे. निकाल पाहून आकडा बदलला तर जुळवणं. निकाल पाहण्याआधी कागदावर वेळांचं गुणोत्तर काढलं, ते मूळ प्रयोगाइतकं ठेवलं, आणि मग एकदाच चालवलं, तर ते मापन बसवणं. गाळणीने वर जे केलं त्यात सिम्युलेशनचा एकही निकाल वापरलेला नाही, दोन भागाकार आहेत.

पण तुमचा टोला अगदीच वाया नाही. ओढीच्या सूत्रांची दुकानं बरीच आहेत: एर्गुन, वेन-यू, दी फेलीचे. पातळ गाळात सगळी जवळपास सारखं सांगतात, दाट थरात फाटे फुटतात. पेपरमध्ये लोक हवं ते निवडतात आणि एका ओळीत उरकतात. तिथे मला राग येतो.

---

गाळणी

+१. म्हणूनच चिमटीभर ढिगाऱ्याला आठ कोटी चौकोन देणारी मंडळी हवीत, म्हणजे दाटीत कोणतं सूत्र टिकतं हे कळतं.

दाटीचा परिणाम किती, याची कल्पना यावी म्हणून सांगते. एकटा कण पाण्यात ज्या वेगाने बसतो, त्या वेगाने गर्दीतला बसत नाही, कारण खाली बसणाऱ्या प्रत्येक कणाने बाजूला सारलेलं पाणी वर येऊन शेजाऱ्याला अडवतं. रिचर्डसन आणि झाकी यांच्या १९५४च्या सूत्राने बारीक कणांसाठी १० टक्के गाळात वेग ६१ टक्क्यांवर येतो, ३० टक्क्यांत १९वर, ५० टक्क्यांत चारवर. दाट थर एकदा झाला की तो सहज बसत नाही, आणि म्हणून लांब पळतो. गर्दीचा हा परिणाम न घेता घळीचं मॉडेल चालवलं तर वाळू पहिल्या काही किलोमीटरांतच टाकून मोकळं होतं.

आणि पल्ला किती असू शकतो बघा. जानेवारी २०२०मध्ये काँगो नदीच्या मुखासमोरच्या घळीतला प्रवाह ११०० किमीहून लांब गेला. वाटेत मंदावण्याऐवजी त्याचा वेग सेकंदाला ५.२ मीटरवरून ८ मीटरवर गेला. १६ जानेवारीला सॅट-३ आणि वॅक्स या केबल त्याने तोडल्या. तळ खात खात वाढत जाणारा प्रवाह कोणाला बघायचा असेल तर हा. शंकासुर, केबल तोडतं कोण याचं ताजं उत्तर.

---

आंजर्लेकर

वर्सोव्याला एवढ्या केबल किनाऱ्याला लागतात. मुंबईलाही हा धोका आहे का?

---

गाळणी

मुंबईसमोर फारसा नाही. आपल्याकडे उथळ समुद्र शेकडो किलोमीटर रुंद आहे, सह्याद्रीवरून पश्चिमेला येणाऱ्या नद्या लहान, आणि गाळ किनाऱ्यावर-खाड्यांतच अडकतो. केबल तुटण्याच्या जगभरातल्या दहापैकी सात-आठ घटनांमागे तसेही नांगर आणि मासेमारीची जाळी असतात.

मोठी घळ सिंधूच्या मुखासमोर आहे, आणि बांगलादेशच्या किनाऱ्यासमोर गंगा-ब्रह्मपुत्रेची. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या घळीतून गेलेल्या गाळाने बंगालच्या उपसागरात सुमारे ३००० किमी लांबीचा पंखा तयार झाला आहे, जगातला सर्वांत मोठा. हिमालयाची माती श्रीलंकेच्या दक्षिणेपर्यंत याच प्रवाहांनी गेली.

पश्चिमेकडे इतिहास मात्र जबर आहे. २०१५मध्ये अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात खोल छिद्रं पाडली, तेव्हा सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वीची एक प्रचंड दरड भेटली. तिला नटराज दरड असं नाव दिलंय. भारताच्या पश्चिम उतारावरून कोसळलेली, अंदाजे १९,००० घन किमीची. ती कशाने सुटली यावर काम करायला कोणाला छिद्रदाबाचं मॉडेल हवं असेल तर भुरभुरचा ढीग मोठा करून द्या (गंमत करतेय, पण पूर्ण नाही).

---

तिसरी_घंटा

आमच्या विहिरीतला गाळ काढायला माणूस मिळत नाही आणि इथे १९,००० घन किमी आपोआप गेला.

---

सांडवा

एक जरा वेगळा प्रश्न. मध्य हिंदी महासागरात आपल्याला बहुधातू गोळ्यांसाठी (समुद्रतळावर पडलेले धातूंचे गोटे) ७५,००० चौरस किमी क्षेत्र मिळालेलं आहे. तिथे यंत्र तळ खरवडणार, गाळ उडणार. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने १९९७मध्ये तिथला तळ मुद्दाम ढवळून परिणाम पाहिले होते. तुमची मॉडेल्स या उडालेल्या गाळाबद्दल काय म्हणतात? वर्तमानपत्रांत एकदम टोकाची दोन चित्रं असतात.

---

गाळणी

काका, तो गाळ म्हणजे छोटा गढूळ प्रवाहच. २०२१मध्ये पॅसिफिकमध्ये साडेचार हजार मीटरवर एक चाचणी यंत्र चालवलं, एमआयटीच्या गटाने मागचा गाळ मोजला. ९२ ते ९८ टक्के गाळ तळापासून दोन मीटरच्या आत राहिला, वर ढगासारखा उसळला नाही. जड पाणी म्हणून तळालगत पसरत गेला.

यावरून कंपन्या म्हणतात, बघा, काही झालं नाही. मला ते पटत नाही. उरलेले दोन ते आठ टक्के बारीक माती असते, आणि १० मायक्रॉनचा सुटा कण दिवसाला जेमतेम आठ मीटर खाली येतो. संथ प्रवाहातही तो किती लांब जाईल याचा हिशेब करा. दुसऱ्या बाजूने, खाऱ्या पाण्यात मातीचे कण चिकटून पुंजके होतात आणि ते सुट्या कणापेक्षा फार लवकर बसतात. मॉडेलमध्ये सुटे कण घातले तर गाळ महासागरभर फिरतो, मोठे पुंजके घातले तर यंत्रामागेच बसतो. दोन टोकांची चित्रं तिथूनच येतात. पुंजके किती मोठे होतात आणि यंत्राच्या मागच्या घुसळणीत किती तुटतात, हे माझ्या मते या विषयातलं सर्वांत कच्चं सूत्र आहे. वाळूचे गोल गोळे हे आमचं सोयीचं जग आहे, चिखल त्यात बसत नाही.

---

भुरभुर

ताई, गठ्ठ्याचा रस्ता घेतला, ओढीत ०.१ मिमी टाकलं. काल रात्री घट्ट ढीग चालवला. दोन सेकंदांपर्यंत पोचलाय, वरचा कोपरा किंचित ढळलाय, बाकी उभा आहे! सैल ढीग आज रात्री रांगेत आहे. एक विचारायचं होतं, तळाच्या दाबाचा आलेख काढला तर सपाट रेघच दिसतेय. घट्ट ढिगात दाब उतरायला हवा ना?

---

गाळणी

उतरत असेल, दिसत नाहीये. तुझ्या टाकीत वर पाणी किती आहे? वीस सेंमी असेल तर तळाचा स्थिर दाबच २००० पास्कल, आणि उतार होणार फार तर दोन-तीनशेचा. तुझा अक्ष शून्यापासून असणार. स्थिर पाण्याचा दाब वजा कर आणि पहिल्या अर्ध्या सेकंदाचाच तुकडा काढ. आणि दाब ढिगाच्या मधोमध घेऊ नकोस, झडप उघडते त्या बाजूपासून दोन-तीन सेंमी आत घे, फुगणं आधी तिथे सुरू होतं. सैल ढिगाचा आलेख आला की दोन्ही एकाच कागदावर टाक इथे.

---

फॉर्ट्रान७७

आणि दर पावलाला फाइल लिहू नकोस, रात्रीत डिस्क भरेल. मिलिसेकंदाला एक पुरे.